रामगड ते मालेगाव : ‘शोले’ का टिकला?

रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ हा हिंदी चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. डाकूंनी ज्याचे कुटुंब संपवले असा रामगड गावचा माजी पोलीस अधिकारी ठाकूर जय आणि वीरू या दोन भुरट्या चोरांना पैसे देऊन बोलावतो आणि त्यांच्याकरवी टोळीचा सरदार गब्बर सिंग याला जिवंत पकडायला निघतो, एवढीच त्याची गोष्ट. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. २००२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने भारतीय चित्रपटांची यादी केली, तेव्हा त्याला पहिले स्थान मिळाले. २००५ मध्ये फिल्मफेअरने ५० वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड केली. मात्र ‘शोले’ लोकांच्या अंगात किती भिनला आहे, याचा खरा पुरावा कोणत्याही यादीत सापडत नाही. तो धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मालेगावात सापडतो. तिथल्या यंत्रमाग कामगारांनी २००० साली सुमारे ५० हजार रुपयांत स्वतःचा ‘शोले’ काढला आणि त्यात डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या.

कोट्यवधींचा चित्रपट सायकलींवर उभा करता येतो आणि तरीही ओळखू येतो, यातच त्याच्या टिकण्याचे कारण दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी आधी त्याची घडण पाहावी लागते.

गोष्ट जुनी, बांधणी पक्की

‘शोले’ची कथा नवी नव्हती. गावाच्या रक्षणासाठी लढवय्ये भाड्याने आणण्याची कल्पना अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) या जपानी चित्रपटातून जगभर पसरली होती. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर सर्जिओ लिओनी यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटाची छाया आहे. घरचेही नमुने होतेच. राज खोसला यांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’ (१९७१) मध्ये धर्मेंद्र चोराच्या भूमिकेत होता आणि विनोद खन्नाने रंगवलेल्या डाकूचे नाव जब्बर सिंग होते. सलीम खान आणि जावेद अख्तर या लेखकद्वयाने सिप्पींना ऐकवलेला मूळ आराखडा जेमतेम चार ओळींचा होता. त्यात नायक लष्करी अधिकारी होता, पुढे तो पोलीस अधिकारी झाला.

मग नवे काय होते? बांधणी. ‘शोले’ सव्वातीन तासांचा असला तरी तो एका दमात सांगितलेली गोष्ट वाटत नाही. तो वेगवेगळ्या प्रवेशांची माळ आहे. मालगाडीवरचा हल्ला, हिटलरची नक्कल करणारा जेलर, सुरमा भोपालीच्या थापा, गब्बरचा दरबार, होळीचा हल्ला, मौसीकडे मित्राची सोयरीक नेऊन त्याचेच वाभाडे काढणारा जय, टाकीवर चढलेला वीरू, इमामसाहेबांच्या दारात आलेले मुलाचे प्रेत. यातला प्रत्येक प्रवेश स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याला सुरुवात आहे, चढ आहे आणि शेवटी टाळी आहे. मधला एखादा प्रवेश चुकला तरी पुढचा अडत नाही आणि चित्रपट माहीत असणाऱ्याला कुठूनही बसता येते. तमाशातला वग किंवा दशावतारातले आख्यान पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही रचना परकी नव्हती. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही तो रात्रभर बसतोच, कारण आज हा नट ते कसे करतो हे त्याला पाहायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे लहान पात्रे. सांभाची भूमिका करणारा मॅक मोहन खडकावर बसून असतो आणि सरदारावरच्या इनामाची रक्कम सांगण्यापुरतेच जेमतेम तोंड उघडतो. कालियाच्या वाट्याला एक अपयश आणि एक मरण. ही भूमिका विजू खोटे यांनी केली. ते शुभा खोटे यांचे बंधू. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर त्यांनी पुढे कितीतरी कामे केली, पण २०१९ मध्ये ते गेले तेव्हा बातम्यांचे मथळे कालियाचेच होते. इमामसाहेबांचा मुलगा अहमद झालेल्या किशोरवयीन सचिन पिळगावकरांचीही तीच कथा. एवढ्या छोट्या जागेतली माणसे प्रेक्षक नावानिशी लक्षात ठेवतो, तेव्हा पटकथा काही गंमत म्हणून लिहिलेली नसते.

पूर्वेतिहास नसलेला डाकू

हिंदी चित्रपटातला डाकू ‘शोले’पूर्वी सहसा परिस्थितीने घडवलेला असे. ‘मदर इंडिया’ (१९५७) मधला बिरजू सावकारी पिळवणुकीतून बंदूक उचलतो. ‘गंगा जमना’ (१९६१) मधला गंगा जमीनदाराच्या अन्यायातून डोंगरात जातो. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) मध्ये तर डाकूंचे मनपरिवर्तन हाच विषय आहे. प्रत्यक्षातही १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने चंबळच्या अनेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. डाकू म्हणजे वाट चुकलेला माणूस, ही समजूत रुजलेली होती.

गब्बर सिंगने ती मोडली. त्याला घर नाही, जात नाही, सूड घ्यायला कारण नाही. धोतर आणि कपाळावरचा टिळा ही डाकूची जुनी खूण त्याने टाकली आणि लष्करी पद्धतीचे मळके कपडे घातले. तो गावाकडून धान्य घेतो, त्या बदल्यात गावाला इतर डाकूंपासून वाचवत असल्याचे सांगतो आणि आपल्या नावाच्या दहशतीवर जगतो. म्हणजे तो खंडणी वसूल करणारा आहे. पुढच्या दशकांत शहरी टोळ्यांवर निघालेल्या चित्रपटांतला खलनायक याच वाटेने आला. नाव मात्र खरे होते. सलीम खान यांचे वडील पोलीस अधिकारी होते आणि ग्वाल्हेरकडच्या गब्बर नावाच्या डाकूच्या, पोलिसांचे नाक-कान कापण्याच्या गोष्टी त्यांच्याकडून मुलाच्या कानावर आल्या होत्या.

भूमिका आधी डॅनी डेंझोंग्पाकडे जाणार होती. ‘धर्मात्मा’च्या अफगाणिस्तानातील चित्रीकरणामुळे त्याला जमले नाही आणि रंगभूमीवरून आलेला, प्रेक्षकाला फारसा ठाऊक नसलेला अमजद खान गब्बर झाला. त्याचा लाभ असा की प्रेक्षकाच्या मनात त्या चेहऱ्याला आधीची एकही भूमिका चिकटलेली नव्हती. पुढे ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत गब्बर झळकला. लहान मुलांचा खाऊ विकायला नायकाऐवजी खुनी उभा राहिला आणि तो खपलाही.

चोराला धरायला चोर

कायद्याचा माणूस गुन्हेगारांची मदत घेतो, हा ‘शोले’चा कणा. ठाकूर बलदेव सिंगने जय-वीरूला कधीकाळी स्वतःच पकडलेले असते. मालगाडीवर डाकूंचा हल्ला झाला तेव्हा पळून जायची संधी सोडून त्यांनी जखमी ठाकूरला वाचवले, एवढ्या भांडवलावर तो त्यांची निवड करतो.

खान्देशच्या प्रेक्षकाला ही कल्पना नवलाची वाटायचे कारण नव्हते, कारण त्याच्या प्रांताच्या इतिहासात ती घडून गेली होती. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्ल नाईकांनी नव्या राजवटीला जेरीस आणले. फौजा पाठवून काम भागेना. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रॅम या तरुण अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभी करण्याचे काम सोपवले गेले. ज्यांना सरकारी कागदांत लुटारू म्हटले जात होते, त्यांनाच पगार आणि बंदुका देऊन रस्त्यांचे रखवालदार केले. ‘खान्देश भिल्ल कोअर’ या नावाच्या या पलटणीचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावात होते.

उलटा प्रवासही झाला. खाज्या नाईक हा सेंधवा घाटाच्या रस्त्यावरचा सरकारचा पगारी रखवालदार. १८५७ च्या उठावात त्याने बंड पुकारले आणि ज्या मुंबई-आग्रा रस्त्याची राखण केली, त्याच रस्त्यावर सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना लुटला. इंग्रजांच्या दप्तरात तो डाकू ठरला. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना त्याची आठवण स्वातंत्र्यासाठी लढलेला वीर म्हणून ठेवली जाते. ‘शोले’च्या कथेचा या इतिहासाशी काही संबंध नाही. पण रखवालदार आणि लुटारू यांच्यातली रेघ सरकार कोणाचे यावर सरकते, हे ज्या मुलखाने पाहिले, तिथे जय-वीरूवर विश्वास ठेवायला प्रेक्षकाला वेळ लागत नाही.

या रेघेचा प्रश्न चित्रपटाच्या शेवटाशी सरकारी पातळीवरच उपस्थित झाला. मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे बसवलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. चित्रपट तयार झाला तेव्हा आणीबाणी लागू झाली होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला मान्य नव्हते. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. ऐनवेळी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण देतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. सव्वातीन तास ज्या गावाकडे पोलीस फिरकले नाहीत, तिथे ते शेवटच्या पाच मिनिटांत पोहोचतात, ही विसंगती प्रेक्षकांनी तेव्हाही हेरली होती.

न दाखवलेली हिंसा

‘शोले’ हिंस्र चित्रपट म्हणून ओळखला जातो, पण त्यातले सर्वांत भयंकर क्षण पडद्यावर दिसतच नाहीत. ठाकूरचे हात तोडण्याच्या प्रवेशात गब्बरच्या हातातल्या तलवारी खाली येतात आणि चित्र थेट वर्तमानकाळात येते. खांद्यावरची शाल घसरते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. ठाकूरच्या घरातल्या लहान मुलाचा खून होताना दिसत नाही. बंदुकीचा आवाज येतो आणि पुढच्या क्षणी ठाकूर रेल्वेने गावी परतलेला असतो. अहमदच्या मृत्यूचा प्रवेश चित्रित झाला होता, पण प्रदर्शित चित्रपटातून तो गाळला गेला. तिथे आपल्याला दिसते ते एवढेच की आडवा पडलेला गब्बर हातावर चालणारी मुंगी मारतो. त्यानंतर घोडा प्रेत घेऊन गावात येतो.

ही कात्री माधव शिंदे यांची. एम. एस. शिंदे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मराठी संकलकाने चित्रीकरणाच्या प्रचंड साठ्यातून चित्रपट बेतला. ‘शोले’ला त्या वर्षी मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार संकलनाचा होता, म्हणजे शिंदे यांचा. पडद्यामागे आणखीही मराठी हात होते. कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत रामगड उभे केले ते कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. आवाजाचे अंतिम मिश्रण व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई यांनी केले. छायाचित्रण द्वारका दिवेचा यांचे.

गब्बरचा पहिला प्रवेश या सगळ्यांचे काम एकत्र दाखवतो. चित्रपट सुरू होऊन जवळपास तास झालेला असतो. डाकूंचे तीन साथीदार रामगडातून मार खाऊन, रिकाम्या हाताने परतलेले आहेत. आधी दिसतात ते खडकावरून फिरणारे बूट. मग हातात धरलेला पट्टा दगडावर घासत जाण्याचा आवाज. चेहरा अजून नाही. प्रश्न विचारणारा स्वर आधी येतो, तोही चढा नाही, हिशेब मागणाऱ्याचा. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून तीन हवेत उडवल्या जातात, उरलेल्या तीनवर तिघांचे नशीब सोपवले जाते. घोडा तीनदा ओढला जातो आणि तिन्ही वेळा घर रिकामे निघते. गब्बर हसतो. मग ते तिघे हसतात, मग सगळी टोळी हसते आणि दरीत ते हसणे घुमत राहते. नेमक्या त्या क्षणी तीन गोळ्या सुटतात. प्रवेशाच्या सुरुवातीला सांगितलेले गणित तंतोतंत जुळते. प्रेक्षकाला फसवले जात नाही, त्याला सगळे आकडे आधीच दिलेले असतात. म्हणूनच हा प्रवेश दहाव्यांदा पाहतानाही हसू ओठांवर येते आणि तिथेच थिजते.

संगीत राहुलदेव बर्मन यांचे. पाठलागात बसंतीचा टांगा उधळतो, तेव्हा पार्श्वभूमीला पंडित सामताप्रसाद यांचा तबला आहे. जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या वाड्यात विधवा राधा एकेक दिवा मालवत जाते. या एवढ्याशा प्रसंगासाठी तिन्हीसांजेचा थोडासाच उजेड लागे, त्यामुळे तो अनेक दिवस थोडा थोडा चित्रित करावा लागला.

कानांनी पाहिलेला चित्रपट

सुरुवातीला ‘शोले’ पडला अशीच हाकाटी झाली. खर्च सुमारे ३ कोटींवर गेलेला, पहिल्या आठवड्यात प्रेक्षक गप्प, समीक्षकही थंड. नंतर तोंडोतोंडी बोलबाला झाला आणि रांगा लागल्या. प्रेक्षक गप्प होते ते नापसंतीने नव्हे, संवाद ऐकू यावेत म्हणून, हे चित्रगृहवाल्यांच्या ध्यानात उशिरा आले.

हे ओळखून पॉलिडॉर कंपनीने संवादांची तबकडी काढली. तोवर चित्रपटाच्या तबकड्या गाण्यांच्याच असत. ‘शोले’च्या संवादांची तबकडी, आणि नंतर कॅसेट, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या लाउडस्पीकरवर, केशकर्तनालयात आणि हॉटेलांत वाजू लागली. ज्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता त्यांनाही तो पाठ झाला. चित्रगृह तालुक्याच्या गावी आणि खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, अशा मुलासाठी ‘शोले’ आधी कानावर पडला आणि कितीतरी वर्षांनी डोळ्यांपुढे आला.

मोठ्या पडद्याचे वैभव तसेही थोड्यांच्याच वाट्याला आले. चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करून ७० मिलिमीटरवर मोठा केला होता, सोबत स्टिरिओ ध्वनी. ही सोय मोजक्या मोठ्या शहरांतील चित्रगृहांत होती. लहान गावांत ३५ मिलिमीटरच्याच प्रती लागत. ‘शोले’ केवळ भव्यतेमुळे चालला असता तर तो मुंबई-दिल्लीबाहेर फिका पडला असता. तो पडला नाही, कारण त्याची ताकद पात्रांत आणि बोलण्यात होती.

भुसावळचे डबे, जत्रेतले तंबू

हिंदी चित्रपटाच्या व्यापारात देशाचे भाग पाडलेले असतात आणि त्यांची नावे अजून इंग्रजी अमदानीतली आहेत. भुसावळ-जळगावचा पट्टा विदर्भासोबत ‘सीपी-बेरार’ या विभागात मोडतो. मध्य भारतातील वितरक आणि चित्रगृहचालकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटना भुसावळची. लोकांना भुसावळ ठाऊक असते ते रेल्वे जंक्शन आणि केळीच्या वाघिणींसाठी. पण फिल्मचे पत्र्याचे डबे रेल्वेने हिंडत होते त्या काळात मुंबई, नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग जिथे मिळतात, ती जागा या धंद्यालाही सोयीचीच होती.

चित्रगृह नसलेल्या गावांत टुरिंग टॉकीज जाई. महाराष्ट्रातल्या जत्रांत तंबू ठोकून, ट्रकवर बसवलेल्या प्रोजेक्टरने चित्रपट दाखवण्याची रीत अनेक दशके चालली. तंबूतल्या प्रेक्षकाला मधूनच उठून पाळण्याकडे जायचे असते आणि परत येऊन बसायचे असते. त्याला तुकड्यातुकड्यांत रंगणारा चित्रपट लागतो. ‘शोले’ त्या प्रेक्षकासाठी जणू मापाने शिवलेला होता.

१९८० च्या दशकात व्हीसीआर आला आणि गल्लीबोळांत व्हिडिओ पार्लर उघडली. आता चित्रपट थांबवता येऊ लागला, मागे नेता येऊ लागला, आवडता प्रवेश पुन्हा लावता येऊ लागला. मालेगावच्या कथेची सुरुवात इथून होते.

सायकलवरचे डाकू

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला त्याआधी हा भाग खान्देशात मोडे. आसपासच्या खेड्यांत अहिराणी बोलली जाते. शहरात उत्तर भारतातून स्थलांतरित झालेल्या मोमीन विणकरांची मोठी वस्ती असून तिथली बोली उर्दू. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक. यंत्रमाग दिवसरात्र खडखडतात आणि शुक्रवारी थांबतात. त्या सुट्टीच्या दिवशी कामगारांची गर्दी पूर्वापार चित्रगृहांकडे आणि व्हिडिओ पार्लरकडे वळत आली आहे.

शेख नासिर असेच एक पार्लर चालवत. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे चित्रपट ते आपल्या गिऱ्हाइकासाठी कापून-जोडून दाखवत. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे जांभई देतो, हे रोज डोळ्यांसमोर असल्याने त्यांचे संकलनाचे शिक्षण तिथेच झाले. पुढे त्यांनी स्वतः चित्रपट काढायचे ठरवले आणि पहिला विषय निवडला तो ‘शोले’. लग्नात वापरतात तसा व्हिडिओ कॅमेरा आणि पैशाविना काम करणारे मित्र, हे त्यांचे भांडवल. नट म्हणजे माग चालवणारे आणि छोटे दुकानदार. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, कारण मालेगावच्या घरांतून मुलींना यात उतरायची परवानगी नव्हती.

‘मालेगाव के शोले’ हे विडंबन आहे. घोडे परवडत नाहीत म्हणून डाकू सायकलींवर येतात आणि आगगाडी मिळत नाही म्हणून त्यांचा हल्ला बसवर होतो. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नाही, म्हणून तो सायकलवर धरायचा. उंचावरून दृश्य घ्यायला क्रेन नाही, म्हणून बैलगाडीचा दांडा वर-खाली करायचा. ही नासिर यांच्या चमूची रीत पुढे माहितीपटातून जगाने पाहिली. स्थानिक व्हिडिओगृहांत हा चित्रपट सुमारे दोन महिने चालला आणि मालेगावात एक छोटा चित्रपटधंदा उभा राहिला.

इथे विडंबनाचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. प्रेक्षकाला मूळ कृती पूर्ण माहीत असल्याखेरीज विडंबन चालत नाही. घोड्याच्या टापांची जागा सायकलच्या घंटीने घेतली, याला हसायचे तर टापा कानात आधीपासून असाव्या लागतात. तमाशातल्या गौळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची थट्टा चालते ती कृष्णकथा घरोघरी ठाऊक असते म्हणून. ज्या चित्रपटाला समाजाने अशी मोकळीक घेण्याइतके आपले मानले, तो कथापुराणांच्या पंगतीला बसला असे समजावे. हिंदी चित्रपटांत हा मान फार थोड्यांना मिळाला.

उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे. २००७ मध्ये राम गोपाल वर्मा यांनी ‘राम गोपाल वर्मा की आग’ हा ‘शोले’चा नवा अवतार काढला. अमिताभ बच्चन खलनायक, मुंबईची पार्श्वभूमी, हाताशी सगळी साधने. तो सपशेल कोसळला. वर्मा यांनी ‘शोले’ची गोष्ट घेतली, जी मुळातच उसनी होती. नासिर यांनी प्रवेशांची लय, पात्रांच्या लकबी आणि बोलण्याची ढब घेतली. टिकाऊ भाग कोणता, हे मालेगावच्या पार्लरवाल्याला अचूक कळले होते.

फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट नासिर यांच्या पुढच्या, सुपरमॅनवरील विडंबनाच्या निर्मितीवर आहे. २०१२ मध्ये तो भारतातील चित्रगृहांतही लागला. त्यानंतर इंटरनेटच्या काळात मालेगावच्या परिसरातून निघणाऱ्या ‘खान्देशी’ विनोदी चित्रफितींनी यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. त्यांतला ‘छोटू दादा’ दादागिरी करतो, हुकूम सोडतो आणि फजित होतो. त्या दादागिरीच्या नकलेत हिंदी पडद्यावरचे सगळे खलनायक डोकावतात.

उणिवा आणि आयुष्य

‘शोले’त दोष नाहीत असे नाही. रामगडात वीज नाही, राधा तेलाचे दिवे मालवते, पण वीरूला चढायला पाण्याची उंच टाकी मात्र आहे. विधवा राधा आणि जय यांचे लग्न ठरू पाहते. ते ठरवण्याचे धाडस पटकथेने दाखवले आणि जयला मारून सोडूनही दिले. गाव म्हणून जी माणसे दिसतात त्यांना मान खाली घालून उभे राहण्यापलीकडे फारसे काम नाही. गावात जात दिसत नाही, पंचायत दिसत नाही, जमिनीचा तंटा दिसत नाही. समाजाचे वास्तव शोधणाऱ्याच्या हाती इथे थोडेच लागेल.

पण हीच उणीव त्याच्या पसरण्याच्या कामी आली. रामगड कोणत्याच राज्यात नसल्याने ते कुठेही असू शकते. भोवती खडक, मध्ये वस्ती, लांब कुठेतरी रेल्वेचे ठाणे, हे वर्णन सातपुड्याच्या पायथ्याच्या गावालाही लागू पडते. आपल्या गावातल्या बडबड्या बाईला बसंती म्हणायला कोणाचीच हरकत नसते.

चित्रपटाचे आयुष्य अजून संपलेले नाही. जानेवारी २०१४ मध्ये तो त्रिमितीत आला. पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी त्याचे जतनकार्य केले आणि गाळलेल्या दृश्यांसह, मूळ शेवट असलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात खुल्या चौकात दाखवण्यात आली. ठाकूरने गब्बरला मारलेले प्रेक्षकांनी मोठ्या पडद्यावर ५० वर्षांनी पाहिले. त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांच्या आयुष्यावर रीमा कागती यांनी काढलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रगृहांत आला. त्याचे लेखन वरुण ग्रोव्हर यांचे, तर निर्मात्यांमध्ये फरहान अख्तर आणि झोया अख्तर आहेत. ही दोघे ‘शोले’च्या दोन लेखकांपैकी एकाची, जावेद अख्तर यांची, मुले.